वहिनींसाठी जांभळा गोळा

माझा स्वभाव न बोलण्याचा. चूक झाली तर आणखीच न बोलण्याचा. तीन दिवाळ्या ही गोष्ट पोटात ठेवली, आता सांगून टाकतो.

बायकोच्या भाचीनं पुण्याहून तिला एक गोळा आणला होता. बुंदीच्या लाडवाएवढा, जांभळा, पारदर्शक कागदात बांधलेला. आंघोळीच्या पाण्यात टाकायचा म्हणे. बायकोनं तो शोकेसमध्ये, कपबशांच्या पुढं मांडला. वापरायचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

माझ्या मात्र शिवला. जन्मभर एकाच साबणानं आंघोळ केलेला मी माणूस. एका रविवारी ती बाजाराला गेली आणि मी गोळा घेऊन न्हाणीघरात शिरलो. बेत साधा होता. साबणासारखा जरासा झिजवायचा, पुसायचा, पुन्हा कागदात बांधून ठेवायचा.

बादलीत बुडवला मात्र, तो हातातच उकळायला लागला. फसफस, फसफस! मी घाईनं बाहेर काढला, टॉवेलनं दाबला, फुंकर मारली. तो थांबेना. मिनिटाभरात माझ्या मुठीत जांभळा चिखल आणि बादलीत जत्रेतलं सरबत. आता गेलाच आहे तर म्हणून अंगावर ओतून घेतलं. वास फार सुंदर होता, खोटं कशाला सांगू. पण त्यात चमकी होती, ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी ऑफिसात आमचा शिपाई, लष्करातून रिटायर झालेला, माझ्याकडं टक लावून बघत म्हणाला, “सायेब, मिशीला चमकी? वरातीत नाचला व्हय?”

शोकेसमधली मोकळी जागा बायकोला दिसायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. मैदा, टाल्कम पावडर, कपड्याची नीळ, चिमूटभर कुंकू आणि पोटातल्या गॅसवर घेतात ती लिंबाच्या चवीची पावडर, हे सगळं खोबरेल तेलात मळून मी गोळा वळला. सुकवला, त्याच कागदात बांधला, ठेवून दिला. शोकेसमधली वस्तू कोण वापरतंय? मी निवांत झालो.

दिवाळीला आम्ही सांगलीला, माझ्या थोरल्या भावाकडं जातो. तिथं वहिनींचा थाट. बायकोनं वर्षानुवर्षं नेलेलं काहीही त्यांना पसंत पडलं नाही. साडीचा पिवळा रंग नको, डबा लहान, चादर पातळ. “ठेव तिकडं,” एवढंच म्हणायच्या. परतताना बायको एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायची. मी? मी काय बोलणार.

त्या वर्षी कराडच्या पुढं बस गेल्यावर बायको म्हणाली, “यंदा वैनी बोलूनच दाखवू देत. त्यो पुण्याचा गोळा आणलाय.”

माझ्या घशातला शेंगदाणा तिथंच राहिला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायलो.

वहिनींनी गोळा हुंगला आणि लगेच न्हाणीघरात गेल्या. बाहेर आम्ही तिघं. बायको पदराचं टोक पिळत होती. आतून फसफस ऐकू आली. मी मनातल्या मनात सिद्धनाथाला नारळ बोलून टाकला.

दादा नाक वर करून म्हणाला, “आयला, ह्यो वास वळखीचा वाटतोय. जेवण जास्त झाल्यावर मी घेतो न्हवं का, त्या पावडरीचा!”

“तुमाला काय कळतंय त्यातलं?” आतून वहिनी. “लिंबाचा वास हाय. भारीतला माल असाच असतोय.”

वहिनी बाहेर आल्या. टाचा आणि कानांच्या पाळ्या निळसर, केसांत मैद्याची गोळी. तोंडभर हसल्या आणि बायकोला म्हणाल्या, “लय झ्याक गं! अंग कसं हलकं झालं. फुडच्या दिवाळीला बी आण. असलं आणावं तर तूच.”

माझ्या बायकोचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता. आता सांगायचं कोणत्या तोंडानं? नव्या गोळ्याचा निरोप भाचीला मीच देतो म्हणालो आणि पुढची दोन वर्षं, बायको माहेरी गेली की परातीत गोळा वळत बसलो. वळताना स्वतःची लाज वाटायची. आकार मात्र सुधारत गेला.

परवा बायको म्हणाली, “वैनींचा फोन होता. भिशीतल्या बायकांत माझं नाव काढत्यात. मीच भाचीला फोन लावते आता. पोरगी दरसाल धाडती, तिला एकदा चांगलं म्हणाया नको?”

मी तिच्या हातातला फोन घेतला आणि सगळं सांगितलं. मैद्यासकट.

तिनं विचारलं, “म्हणजे वैनी तीन वर्सं गॅसच्या पावडरीनं आंघोळ करत्यात?”

“हो.”

ती खाली बसली, तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग उठली, डोळे पुसले, दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं.

“कुणाला बोललासा तर बगा,” ती म्हणाली. “आन् यंदा जरा मोठा करा.”