अल्बिनाचा डावा खांदा

चर्चच्या हॉलमध्ये पोल्काचा नाच असा काही रंगला, की मागच्यांनाही आपण दिसायला हवं म्हणून अल्बिना झुपान गळ्यातल्या अकॉर्डियनसकट खुर्चीवर चढली. वय सत्तरीच्या पुढे. खुर्ची कलंडली, बाई डाव्या खांद्यावर आपटली आणि पडल्यापडल्याच ओरडली, "अकॉर्डियन शाबूत आहे ना?"

अकॉर्डियन शाबूत होतं. खांद्यातला स्नायू बांधून ठेवणारी कंडरा मात्र हाडापासून सुटली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती टाक्यांनी जागेवर बसवली आणि हात झोळीत अडकवला. मिनेसोटातल्या त्या खाणींच्या गावात अल्बिनाच्या अकॉर्डियनशिवाय कुणाचं लग्न पार पडत नसे. आता तिला साधं स्वेटर घालता येईना.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत व्यायाम घ्यायला मार्नी नावाची मुलगी होती. पहिला धडा सोपा. "अल्बिनाबाई, टेबलाला धरून वाका. हात नुसता लोंबू द्या. तो हलवायचा नाही, अंग डोलवायचं. तो आपोआप झुलेल."

"अंग डोलवायला मला शिकवतेस, पोरी?" म्हणत अल्बिनानं पोल्का गुणगुणत कंबर हलवायला सुरुवात केली.

शेजारच्या टेबलावर आर्वो लाहती वाकला होता. खाणीत ट्रक चालवून निवृत्त झालेला, फिनिश घरातला, ताडमाड आणि अबोल. बर्फ उडवायचं यंत्र सुरू करायला दोरी ओढताना त्याचाही डावाच खांदा गेला होता. त्याचा लोंबता हात अल्बिनाच्या ठेक्यावर झुलू लागला.

"अहो, तुमचा हात नाचतोय!"

"मी नाही नाचवत," आर्वो म्हणाला. "त्याचं तोच बघतो."

पुढे भिंतीवर बोटांनी हात वर चढवायचा व्यायाम आला आणि दोघांची चढाओढ लागली.

"ही शर्यत नाहीये!" मार्नी ओरडली.

"मग हे सारखे माझ्याकडे का बघतात?"

"उंची बघत होतो," आर्वो पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले.

त्या दिवशी अल्बिना घरी गेली ती हवेतच. त्याच भरात तिनं अकॉर्डियन गळ्यात घातलं, भाता एकदाच ओढला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाके सुटले नव्हते, हे नशीब. पण मार्नीनं चांगलंच झापलं. "मी सांगेपर्यंत भात्याला हात लावायचा नाही!" अल्बिनाचं गुणगुणणंच थांबलं. सगळ्या खोलीला चुकल्यासारखं वाटू लागलं.

पुढच्या खेपेला आर्वो भावाचं जुनं अकॉर्डियन घेऊन आला आणि त्यानं ते टेबलावर ठेवलं.

"तुमचा उजवा हात चालतो," तो म्हणाला. "माझाही चालतो. तुम्ही सूर धरा, मी समोर बसून भाता ओढतो."

"डावे हात मांडीवर!" मार्नीनं बजावलं. "हलले की वाद्य जप्त!"

पहिला सूर गाईच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा निघाला.

"हळू हो! ट्रकचा गिअर आहे का तो?"

"मग सांगा ना, कधी ओढू!"

"मी मान हलवीन तेव्हा!"

आणि जमलं. लंगडत का होईना, पोल्का सुरू झाला. गुडघ्याची ऑपरेशनं झालेली मंडळी सायकली ठेक्यात मारू लागली, आणि मार्नीनं व्यायामाचा मोठा चेंडू कवटाळून चक्क गिरकी घेतली.

मग झोळी सुटली, रबरी पट्टे ताणून झाले, हलकी वजनं उचलून झाली. पानं पिवळी पडली तेव्हा मार्नीनं परवानगी दिली आणि अल्बिना पुन्हा हॉलमध्ये वाजवायला बसली. दोन गाणी झाली. तिसऱ्याला तिनं अकॉर्डियन शेजारी बसलेल्या, वाजवता येणाऱ्या आपल्या भाचीच्या गळ्यात अडकवलं आणि थेट आर्वोसमोर जाऊन उभी राहिली.

"मला नाचता येत नाही," तो घाबरून म्हणाला.

"मला येतं. चला!"

नाचायला डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवायला हवा, आणि खांदा तर केवढ्या उंचावर! तिनं श्वास घेतला, हात उचलला. तो सरळ वर गेला आणि टेकला. अल्बिना लहान मुलीसारखी खिदळली.

दोन गिरक्या झाल्यावर तिनं तोंड वाकडं केलं.

"दुखतंय का?" आर्वो जागीच थबकला.

"दुखतंय तर! तुमचा बूट माझ्या पायावर आहे. थांबू नका हो, नुसता पाय उचला!"