डबीतले मिरे

देवघरातली कापराची डबी आज उघडली, तर आत नुसते दोन मिरे. "कापूर कोणी संपवला गं?" आईने विचारलं. कोणीच नाही. तो उडून गेला होता.

मिरे टाकले की कापूर उडत नाही, हे मला आईनेच शिकवलेलं. पण कापराच्या रेणूंची एकमेकांवरची पकडच सैल. साखरेचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून साखर बरणीत वर्षभर राहते. कापूर मात्र वितळायलाही थांबत नाही. एकेक कण गुपचूप हवेत निघून जातो. मागे ओल नाही, राख नाही.

आईकडे बघताना हल्ली मला धडकी भरते. तिच्या आठवणीतून आधी भाजीवालीचं नाव गेलं, मग माहेरच्या गल्लीचं. जाताना कसलाही आवाज झाला नाही.

तिने डबीत नव्या वड्या भरल्या, वर आठवणीने चार मिरे टाकले. मला हायसं वाटलं. तेवढ्यात माझ्याकडे वळून ती मायेने म्हणाली, "निघा आता तुम्ही. घरी आई वाट बघत असेल."

मी डबीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.