पंख्यावरचा नारळ

विमानाचं नाव काढलं की माझं टाळकं सरकतं. आमच्या मालकांनी, हनुमंतांनी, भाटघरच्या आमच्या गोठ्यात पाच वर्सं विमान बांधलं, आन् म्हशी बाहेर पत्र्याखाली! दिवसभर कापूरहोळला ट्रॅक्टर दुरुस्त करायचं, घरी आलं की गोठ्यात शिरायचं. जेवाय हाक मारली की "आलोच", आन् हिकडं भाकरी वाळून कडक.

चुका तर इचारू नका. पयल्या उन्हाळ्यात दोन्ही पंख डाव्या अंगाचंच बांधलं. दुसऱ्या साली शेपूट जड झालं. चूक झाली की कोळशानं भिंतीवर लिवायची, खाली चूक करणाऱ्याचं नाव. सगळीकडं हनुमंत, हनुमंत. मग सारं उकलायचं, पुन्हा पयल्यापास्नं. ती चूक निस्तरल्याबिगर पुढचा खिळा न्हाई. त्या भिंतीला चुना मी द्यायची! "मोडू दे एकदाचं," असं म्या शंभरदा म्हणले असंन.

औंदा मे महिन्यात धरणाचं पाणी हटलं, सपाट माळ उघडा पडला. तितं विमान नुसतं पळवून बघायचं ठरलं. सारं गाव गोळा. मालकांचे थोरले भाऊ आनंदराव, पाच वर्सं "येडं हाय" म्हणून हिणवणारे, फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं! म्या पूजेचं ताट पुढं केलं. त्यांनी नारळ उचलला आन् कुणी काय म्हणायच्या आत, नव्या ट्रॅक्टरच्या लोखंडावर फोडावा तसा, विमानाच्या नाकावरच्या लाकडी पंख्यावर खाडकन फोडला. मालकांनी सा महिनं तासलेला पंखा! टाळ्या काय, शिट्ट्या काय.

मालकांनी पंख्यावरनं नख फिरवलं. मधोमध केसाएवढी चीर.

"एवढ्याशा चिरीनं काय व्हतंय?" आनंदराव म्हणले. "देवाचा नारळ हाय. माणसं मोबाईल धरून उभी हायती. बस, चालू कर."

आन् आमचं मालक, एका खिळ्यापायी आख्खा पंख उकलणारा माणूस, म्हणतो कसा, "सावकाश पळवतो." आन् बसलं की आत!

तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या दिरांसमोर म्या आजवर मान वर केली न्हवती. विमान आणलेल्या टेम्पोतला कोयता घेतला आन् चिरीवर हाणला. एका घावात पंखा उभा फाटला.

"मंगल! डोकं फिरलं का तुझं?" आनंदराव वरडले.

"व्हय, फिरलं! भावजी, ह्यो गरागरा फिरताना फुटला असता तर ह्यांच्या तोंडात घुसला असता. तवा काय मोबाईलवर बघत बसला असता?"

मालक खाली उतरलं, आन् विमान घेऊन आमी घरी आलो.

मी तडक गोठ्यात गेले, कोळसा घेतला. "नारळ पंख्यावर फोडला." खाली आनंदरावांचं नाव घालणार व्हते, पर हात थांबला. ताट कुणी पुढं केलं? लिवलं, मंगल.

मालक मागंच उभं व्हतं. त्यांनी माझ्या हातातला कोळसा घेतला आन् खाली लिवलं, "चीर दिसली तरी बसलो. हनुमंत."