चार बोटं उघडी

"वाचा सेक्रेटरी, यादी वाचा." दुष्काळ पडला की महादेवाचं देऊळ सांभाळणारे आबा चपला बाहेर काढून आमच्या सोसायटीच्या ऑफिसात येत आणि हेच म्हणत. खुर्ची दिली तरी बसत नसत. पाटोद्याला लागून असलेल्या आमच्या गावात मी शेतकऱ्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ज्याच्या नावावर रान तो सभासद, आणि आबांच्या लेखी महादेवाचा माणूसही तोच.

पावसानं ओढ दिली की आमच्याकडे महादेव कोंडतात. गाभाऱ्याची मोरी चिखलानं लिंपायची, उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा आणि शिवारातल्या प्रत्येक घरानं एकेक घागर आणून पिंड बुडेपर्यंत ओतायची. मग दार बंद, ते पाऊस पडेपर्यंत. देव जरा गुदमरला की त्याला आपली आठवण होते, असं आबा सांगत. पण देवाशी भांडायचा हक्क रान कसणाऱ्यालाच. एकदा एक फौजदार हौसेनं घागर घेऊन आले, तर आबा त्यांना म्हणाले, "सायेब, तुमचं पीक पगारात येतंय. आमचं पावसात."

असा एखादा हट्टी म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो, आणि त्याच्याशिवाय आपलं चालतही नाही.

पुढं रस्ता मोठा झाला आणि रानांचे प्लॉट पडले. मी नाव वाचायचो, आबा म्हणायचे, "हाय." पुढच्या नावाला, "इकलं." हळूहळू सगळं "इकलं"च ऐकू येऊ लागलं. शेवटी आबांच्या चुलतभावांनी देऊळ उभं होतं ते रानही विकलं. देऊळ कुठल्याच कागदावर नव्हतं. देवाचं नाव तलाठ्याकडं कशाला लावायचं, असं आबांचे वडील म्हणत आले होते.

घेणारा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, यंदा गाभारा भरून दाखवा, गावाला देव हवा असेल तर मी प्लॉटांचा रस्ता देवळाच्या बाजूनं वळवून घेतो. आबा इतके खूश झाले की त्यांनी मला हॉटेलात नेऊन चहा पाजला.

ठरल्या दिवशी दुपारपर्यंत जेमतेम वीस-बावीस घागरी आल्या. रानं विकलेले लोक लाजेनं फिरकलेच नाहीत. मग नव्या प्लॉटांवरच्या कॉलनीतल्या बायका टँकरचं पाणी भरून ओळीनं आल्या, कुणाकडं कळशी, कुणाकडं बादली. माझा जीव भांड्यात पडला. आबा दारात आडवे उभे राहिले.

"बायांनो, तुमच्यावर राग न्हाई. पन शिवारात तुमचं रान न्हाई."

आमच्या माहेरी रान आहे, असं एकीनं सांगून पाहिलं. आबांनी नुसती मान हलवली. प्यायचं पाणी होतं ते, बायका ते घेऊन परत गेल्या. मला आबांचा असा संताप आला की वाटलं, दोन शब्द सुनावावेत. पण सुनावणार कोणत्या तोंडानं? माझी दोन एकरं मीही आदल्या वर्षी विकली होती आणि तरी गुपचूप घागर घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुमी बी, सेक्रेटरी?"

मी घागर खाली ठेवली.

दिवस मावळताना पिंड चार बोटं पाण्याच्या वर उघडी होती. घेणारा एकदा आत डोकावला आणि गाडीत बसला. आठ दिवसांनी मशीन आलं. देऊळ पाडायला एक सकाळसुद्धा लागली नाही. पिंड कुठं नेली ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आबा लेकीकडं दिंद्रुडला निघाले तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेलो. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "त्या बायांचं पानी घ्याया पायजे हुतं का?"

मी म्हणालो, "नाही आबा. तुम्ही बरोबर केलंत."

एसटी आली. त्यांनी मान डोलावली आणि चढले. ते त्यांना पटलं नव्हतं, आणि मलाही पटलं नव्हतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पुढचा उन्हाळा संपायच्या आत ते तिकडंच वारले.