उजव्या पायातला पूल

बंगळूरच्या आमच्या घराची जमीन लाल कोब्याची होती. मुलगी आंघोळ करून निघाली की न्हाणीघरापासून खोलीपर्यंत ओल्या पावलांची रांग उमटे. डावं पाऊल सगळ्यांसारखं, आतल्या बाजूनं कमान असलेलं. उजवं मात्र अख्खं, भरीव, भाकरीसारखं. ती बारा वर्षांची असताना हा फरक पहिल्यांदा माझ्या लक्षात आला. त्याच सुमारास लालबागच्या खडकावर चढताना ती मध्येच खाली बसली.

"आई, पाय तिरका होतच नाही," म्हणाली.

सपाट रस्त्यावर ती ठीक चाले. उतार आला, खडी आली, की घोट्याखाली कळ.

पहिल्या डॉक्टरांनी पायाचा समोरून एक आणि बाजूनं एक असे दोन एक्स-रे फोटो काढवले. "हाडं उत्तम आहेत," ते म्हणाले. "शाळेत खेळाचा तास नको असेल बाईसाहेबांना." तळवे सपाट असले की व्यायाम करावा, असं ह्यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. मला तेवढंच हवं होतं. यादी केल्याशिवाय माझं कुठलंच काम पुढे सरकत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी रकाने आखले: वाळूत चालणं, पायाच्या बोटांनी गोट्या उचलणं, चवड्यांवर उभं राहणं, पावलाच्या बाहेरच्या कडेवर अंगणाच्या दहा फेऱ्या. प्रत्येकापुढे रोज एक खूण.

दोन महिन्यांत एकही खूण चुकली नाही. मुलगी एकदाही नाही म्हणाली नाही. शेजारच्या अक्का दगडी कुंपणावरून बघत असत. त्या कानडी, पण आमच्याशी मराठी बोलायच्या.

"स्वल्प थांबा हो, पोर घामानं भिजली. व्यायाम आहे का शिक्षा?"

"दोनच फेऱ्या राहिल्यात, अक्का."

"फेऱ्या तुमच्या राहिल्यात, पाय तिचा संपला!"

मी हसले आणि त्या दोन फेऱ्याही करून घेतल्या. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण झालं ते असंच झालं.

दोन महिन्यांनी पाऊल बाहेरच्या बाजूला वळून तसंच राहिलं. घोट्याच्या बाहेरून जाणाऱ्या शिरा ताणलेल्या दोरीसारख्या हाताला लागत. तिला शाळेतून सायकल-रिक्षानं आणावं लागायला लागलं, तेव्हा दुसरे डॉक्टर गाठले. हे धारवाडकडचे, हाडांचे. त्यांनी तिची डावी टाच मुठीत धरून आत-बाहेर हलवली; ती हलली. उजवी धरली, तर टाचेबरोबर गुडघ्यापर्यंतचा पायच फिरला. मग तिला पाठमोरी चवड्यांवर उभी केली. डावी टाच आत वळली, उजवी होती तिथेच.

मी अभिमानानं यादी पुढे केली. त्यांनी ती पूर्ण वाचली. तिकडच्या रीतीनं ते मलाही आक्काच म्हणत.

"आक्का, लवचीक पायाला हे ठीक. हिचा पाय आतून बंद आहे की हो. बंद दाराला तुम्ही दोन महिने धक्के मारत होता."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी यादी घडी करून पिशवीत टाकली.

त्यांनी पाऊल तिरकं ठेवून नवा फोटो काढवला. ओली फिल्म चिमट्याला लावून त्यांनी खिडकीशी धरली. बाहेरच्या झाडाची पानं बोटांच्या हाडांमधून हलताना दिसत होती. टाचेचं हाड आणि त्याच्या पुढचं होडीसारखं हाड, ही दोन वेगळी असायला हवीत. त्यांच्यामध्ये एक पांढरा पूल होता. जन्मापासूनच असतो, डॉक्टर म्हणाले. लहानपणी मऊ असतो, या वयात त्याचं हाड व्हायला लागतं आणि पाय अडतो. समोरून आणि बाजूनं काढलेल्या फोटोत तो लपतो.

"ही मी आहे?" मुलीनं विचारलं.

आधी भूल देऊन पाय सरळ करायचा आणि प्लास्टर घालायचं ठरलं. त्यासाठी तिला चार दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाच्या लख्ख उन्हात, मी डबा घेऊन दवाखान्यात निघाले होते. आंघोळ करून, स्वयंपाकघरात जाऊन, डबा भरून बाहेर आले आणि लाल जमिनीवर तिची पावलं दिसली. डावं कमानीचं, उजवं अख्खं. न्हाणीघरातून निघून स्वयंपाकघराकडे गेलेली, अजून ओली.

घरात कुणी नव्हतं. मी मनात एकेक नाव घेतलं. कामवाली येऊन गेली होती. हे कारखान्यात. अक्कांचं पाऊल केवढंतरी रुंद. सगळी नावं खोडून झाल्यावर मी माझा उजवा पाय त्या ठशावर ठेवला. कुठे जराही कमी-जास्त नव्हता.

दवाखान्यात पोचल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. माझ्याही पायाचा तिरका फोटो निघाला. दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावल्या. कोपऱ्यातली नावांची अक्षरं झाकली असती तर कुठला पाय कुणाचा, हे मला सांगता आलं नसतं.

"घराण्यात चालतं हे. तुम्हाला दुखत नाही ना? मग हात लावायचा नाही. पुष्कळ लोक हा पूल घेऊनच जन्म काढतात."

माझी आई घाटाच्या पायऱ्या नेहमी आडवी होऊन उतरायची. आम्ही तिला भित्री म्हणत असू. विचारायला ती आता राहिली नव्हती.

प्लास्टर निघालं आणि पंधरा दिवसांत मुलीची कळ परत आली. आता पूल कापायचा आणि रिकाम्या जागेत पावलावरचाच एक छोटा स्नायू भरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"स्नायू कशाला?"

"नाहीतर हाड परत येतं."

"परत येतं म्हणजे?"

"जिवंत असतंय की ते, आक्का."

संमतीच्या कागदावर सही करताना माझा हात थांबला. मी ठरवलेलं एकदा तिच्या अंगावर आलंच होतं. मी कागद मुलीपुढे धरला. "कर सही," ती म्हणाली, "मला खडीवरून चालायचंय."

शस्त्रक्रियेनंतरचं प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी तिची टाच मुठीत धरली आणि हळूच आत वळवली. टाच वळली. थोडीच, पण नडगी जागची हलली नाही. मुलगी आधी दचकली, मग गुदगुल्या झाल्यासारखी हसत सुटली. पुन्हा करा म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा केलं.

मग तिनं मला खुर्चीवर बसवलं, माझी उजवी टाच मांडीवर घेतली आणि डॉक्टरांसारखीच आत-बाहेर करून पाहिली. माझा गुडघ्यापर्यंतचा पाय तिच्या हाताबरोबर फिरत राहिला. तिचं हसू थांबलं.

"आई," ती म्हणाली, "आतून कुणीतरी धरून ठेवलंय."