लेकरं मळ्यात होती तेव्हा

बायकोची नेमणूक अक्कलकुव्याच्याही पुढे, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर झाली तेव्हा मुलगी पहिलीत जायची होती आणि मुलगा नुकताच बोलायला लागला होता. बायको नर्स. लग्नाआधीपासून ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. दोन बाळंतपणं झाली तरी तिने अभ्यास सोडला नव्हता. ऑर्डर आली त्या दिवशी आम्ही गावात पेढे वाटले. लेकरांचं काय करायचं, हा प्रश्न पेढे संपल्यावर आला.

सुरुवातीला ती दोघांना बरोबर घेऊन गेली. तिथे राहायला एकच खोली होती, आणि तिला तर पाड्यापाड्यावर पायी फिरावं लागायचं. गरोदर बायांना भेटायचं, लेकरांना लसी द्यायच्या. स्वतःची लेकरं तेवढा वेळ कोणाकडे ठेवणार? पहिल्याच सुटीला ती दोघांना घेऊन परत आली आणि म्हणाली, तुमच्याजवळच राहू द्या, मी शनिवारी येत जाईन. मी हो म्हटलं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वडील मोठ्या भावाकडे सुरतेला राहतात, त्यामुळे घरात तिसरं माणूस नव्हतंच.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. शहाद्याहून तापीकडे यायला लागलं की डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेने आत यावं लागतं. घरापुढे पपई, मागे मिरची आणि उजव्या हाताला शेजाऱ्याचा ऊस. माझं लहानपण याच जागी गेलं. मी दिवसदिवस बांधावर, नदीवर असायचो आणि जेवायच्या वेळेपर्यंत कोणी माझी चौकशी करायचं नाही. माझी लेकरंही तशीच वाढतील असं मला वाटलं होतं. पण आता आमच्याकडे उसात बिबट्या असतो. शेजाऱ्याची कालवड त्याने नेली तेव्हापासून मी दोघांना दिवस मावळायच्या आत घरात घ्यायचो आणि दाराला कडी लावायचो. जाळीच्या खिडकीतून ती दोघं अंगणाकडे बघत बसायची. मुलगा ताटावर बसला की रोज विचारायचा, "बिबट्या जेवना का?" बिबट्या जेवला म्हटल्याशिवाय तो घास घ्यायचा नाही. त्याला भीती वाटायची की त्याची काळजी वाटायची, ते मला कधी कळलं नाही.

सगळं हळूहळू जमत गेलं. मुलीची वेणी घालायला मला शेतात कामाला येणाऱ्या मावशीने शिकवलं. त्या भिल्ल वस्तीवरून यायच्या, आमच्याकडे बरीच वर्षं होत्या. मिरची तोडता तोडता हात पुसून उठायच्या, मुलीला पुढ्यात घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, बघ भाऊ, असे तीन भाग. मला तीन भाग करता यायचे, पण भांग कधी सरळ आला नाही. मिरचीच्या दिवसांत मुलाला जवळ घेताना हात तेलाने आणि मग साबणाने धुवायचे, हेही एकदा त्याचे डोळे चुरचुरल्यावर शिकलो. भाकरी मला आधीपासून यायची. भाज्या दोन-तीनच यायच्या, त्याच आलटून पालटून करायचो.

एकटेपणा म्हटला की माणसाला रिकामं घर आठवतं. माझं घर भरलेलं होतं. सकाळी डोळा उघडल्यापासून मी बोलत असायचो. चप्पल घाल, पाणी सांडू नको, भावाला मारू नको. पण दिवस संपला की लक्षात यायचं, आज आपण मोठ्या माणसाशी एक वाक्य बोललो नाही. पूर्वी संध्याकाळी गावात चक्कर व्हायची, पारावर बसणं व्हायचं. आता लेकरांना घरात एकटं ठेवून कसं जाणार? दोन-तीनदा दोघांना गाडीवर घेऊन गेलो. दोस्त हसले, म्हणाले, आज वहिनींनी सुटी दिली वाटतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी पण हसलो, पण मग जाणं कमी होत गेलं.

शाळेत पालकसभा असायची, तेव्हा सगळ्या आयाच यायच्या. त्या सतरंजीवर बसायच्या आणि आपापसात बोलायच्या, कोणाचं पोरगं डबा खात नाही, कोणाच्या पोटात जंत झाले. मला त्यातलं सगळं माहीत असायचं. माझ्याही मुलीने आठवडाभर डबा तसाच परत आणलेला असायचा. कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. पण मी जवळ गेलो की त्या पदर सावरून गप्प व्हायच्या. मी दाराजवळ उभा राहून बाईंचं ऐकायचो आणि सही करून निघायचो.

बायको संध्याकाळी फोन करायची. तिच्या उपकेंद्रावर रेंज नव्हती. मागच्या टेकडीवर चढलं की एका जागी थोडी मिळायची. फोन वाजला की दोघं लेकरं त्यावर तुटून पडायची. मुलगी शाळेतलं सांगायची, मुलगा फोन हिसकावून नुसताच हसायचा. माझ्या हातात फोन येईपर्यंत बहुतेक वेळा तो कट झालेला असायचा. आम्हा दोघांच्या वाट्याला बोलणं उरायचंच नाही. शनिवारी ती यायची ती थकून. कपडे, घरातली साफसफाई, लेकरांची नखं, यात रविवार जायचा. होळीच्या दिवसांत तर तिला काठी गावच्या मोठ्या होळीला ड्यूटी लागायची, सगळा डोंगर तिथे लोटतो, त्यामुळे ती येऊही शकायची नाही. मग आम्ही तिघंच अंगणात गोवऱ्या रचून छोटी होळी पेटवायचो आणि लवकर आत जायचो.

मुलगा पडला, काही लागलं, की सगळी लेकरं ओरडतात तसा "माय" म्हणून ओरडायचा आणि धावत माझ्याकडे यायचा. मी त्याला सांगायचो, मी पप्पा, माय डोंगरावर आहे. तो मान हलवायचा. एकदा त्याला आंघोळ घालत असताना त्याने माझ्या गालाला साबणाचा हात लावला आणि शांतपणे म्हणाला, "तूच मन्ही माय शे." मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मी पाणी ओतत राहिलो.

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपता त्याला ताप आला. सकाळी अंग कोमट होतं, म्हणून मी औषध पाजलं आणि त्याला खाटेवर निजवून पपईला पाणी सोडायला गेलो. मावशी त्याच्याजवळ बसल्या होत्या. दुपारी त्यांची हाक आली. मी पळत आलो तर पोराचे डोळे वर गेले होते आणि हातपाय झटके देत होते. मी बायकोला फोन लावला. ती नर्स, तिला विचारलं की कळेल, एवढंच डोक्यात होतं. फोन लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. मग मोटारसायकल काढली. मावशी पोराला पोटाशी घेऊन मागे बसल्या आणि आम्ही शहाद्याला निघालो. गाडीवाट संपायच्या आधीच झटके थांबले होते, पण ते मला कळलं नाही. मागून मावशी काहीतरी सांगत होत्या, ती त्यांची भिलोरी बोली होती, आणि वाऱ्यात मला शब्द लागत नव्हते.

दवाखान्यात त्याला सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, तापात लहान मुलांना असं होतं, घाबरू नका, आजची रात्र इथे राहू द्या. नर्सबाईंनी विचारलं, "बाळाची आई कुठे आहे?"

"ड्यूटीवर आहे. लांब आहे," मी म्हटलं. "ती पण नर्सच आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं आणि त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

तो झोपला आणि मी स्टुलावर टेकलो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मुलगी एव्हाना शाळेतून सुटलेली असणार. शाळेची रिक्षा तिला वाटेच्या तोंडाशी सोडत असे आणि मी तिथे उभा असायचो. आज मी इथे, मावशी इथे, घराला कुलूप आणि शेजारी ऊस. रिक्षावाल्या चाचांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. गावातल्या दोस्ताला लावला, तो म्हणाला मी नंदुरबारला आलोय, दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. मावशींना पोराजवळ बसवून स्वतः निघावं, तर पोराने झोपेतही माझं बोट धरून ठेवलं होतं. मी उठायचो आणि परत बसायचो. खिडकीबाहेर ऊन उतरत चाललं होतं. त्या वेळी माझ्या मनात जे जे आलं ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

दिवे लागायच्या सुमारास वॉर्डच्या दारात चाचा उभे दिसले. शहाद्याचेच राहणारे, पांढरी दाढी, मुलांना बेटा-बेटी म्हणणारे. त्यांच्या मागे माझी मुलगी. चाचांनी सांगितलं, वाटेवर मी दिसलो नाही म्हणून ते रिक्षा आत घेऊन घरापर्यंत गेले, कुलूप पाहिलं आणि तिला तशीच आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचा फोन रिक्षातच राहिला होता. मग रस्त्यात गावचं कोणीतरी भेटलं, त्याने दवाखान्याचं सांगितलं. मला त्यांचे आभारही नीट मानता आले नाहीत. ते म्हणाले, "लहान बच्ची आहे, अशी कशी सोडणार?" आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून खाटेवर ठेवला.

मुलगी माझ्याजवळ आली. तिचा चेहरा धुतलेला होता. चाचांच्या घरातल्या बाईंनी तिला जेवू घातलं होतं आणि वेण्याही घातल्या होत्या. घट्ट, चकचकीत, मधोमध सरळ भांग. माझ्या हातून ती इतकी नीटनेटकी कधीच शाळेत गेली नव्हती. तिने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, मी रडनू नई."

मी तिला मांडीवर घेतलं. मलाच रडू येत होतं, पण वॉर्डात माणसं होती.

बायको दुसऱ्या दिवशी आली. तिला निरोप सकाळी मिळाला, मिळेल त्या जीपने अक्कलकुवा, तिथून एसटी. ती आली तेव्हा पोरगा उठून बसला होता, माझ्या हातून डाळ-भात खात होता. तिने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि माझ्या शर्टात घुसला. मी म्हटलं, अरे, माय आली, जा. तो आणखी घट्ट बिलगला. ती हसली. हसत हसतच तिने त्याची नाडी पाहिली, सलाइनची सुई पाहिली, नर्सबाईंकडून सगळं विचारून घेतलं. मग नळावर जाऊन त्याचे मळलेले कपडे धुवत बसली. बराच वेळ झाला म्हणून मी तिच्यामागे गेलो. कपडे केव्हाचे स्वच्छ झाले होते, ती तेच पुन्हा पिळत होती.

"तठे रोज कोनंतरी लेकरू मन्हा हातमा येस," ती म्हणाली. "मन्हं लेकरू मात्र मन्हाकडे येत नही."

मला तिला सांगावंसं वाटलं की मी पण मळ्यात एकटाच असतो. पण ती वेळ माझी नव्हती. मी तिच्या हातातून कपडे घेतले आणि दोरीवर वाळत घातले.

त्यानंतर तिने बदलीसाठी अर्ज केला. वर्षभराने तिला अक्कलकुव्यात जागा मिळाली. तिथे राहायला बरी खोली होती, शाळा चालत जाण्यासारखी होती, आणि शेजारी तिच्याच बरोबरीची एक बाई होती, ती लेकरांना बघायला तयार होती. मी ठरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. लेकरांना आई हवी होती, आईला लेकरं हवी होती. मळा मला सोडता येत नव्हता. शाळा सुरू व्हायच्या आधी मी त्यांना टेम्पोत सामान भरून सोडून आलो. पोरगा आता तिच्या कडेवर बसायला शिकला होता. निघताना त्याने मला हात केला, आणि लगेच समोरून जाणाऱ्या ट्रककडे बघू लागला. त्यांचं घर हायवेजवळच आहे, तिथे ट्रकच ट्रक असतात.

परत आल्यावर मी संध्याकाळी दार उघडंच ठेवलं. कडी लावायचं कारण उरलं नव्हतं. अंगणात खाट टाकून उशिरापर्यंत बसलो. आता गावातही जातो, पारावर बसतो. पण तिथल्या बोलण्यात मला पूर्वीसारखी मजा येत नाही. कोणी आपल्या पोराबद्दल तक्रार करायला लागलं की मी कान देऊन ऐकतो आणि त्याला म्हणतो, डबा खात नसेल तर दोन दिवस गूळ-पोळी देऊन बघ. ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघतात. मावशी अजून कामाला येतात. एखाद्या दिवशी तोडणी चालू असताना लेकरं कशी आहेत विचारतात, मी बरी आहेत म्हणतो, आणि आम्ही दोघं आपापल्या सरीत पुढे सरकतो.

फोन रोज होतो. तिथे रेंज चांगली आहे. परवा रविवारी सकाळी मुलीने फोन उचलला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "काय करी ऱ्हायनी?"

"अभ्यास करते आहे," ती म्हणाली. मग तिने मला समजावलं, शाळेत बाई सांगतात, घरीसुद्धा शुद्ध बोलायचं. 'शे' नाही म्हणायचं पप्पा, 'आहे' म्हणायचं.

मी बरं म्हटलं. मग तिला विचारलं, तू जेवलीस का, भाऊ काय करतो आहे. तिच्याशी असं बोलताना जीभ जड झाली, तालुक्याच्या कचेरीत साहेबासमोर बोलावं तशी. तिने सगळी उत्तरं नीट दिली, भाऊ झोपला आहे, मम्मी कणीक मळते आहे, उद्या गणिताची चाचणी आहे. मी चांगला पेपर लिही म्हटलं. तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा असायची. वीज आलेली दिसली, म्हणून मी फोन खिशात घातला आणि मोटार चालू करायला विहिरीकडे गेलो.