मोरीवरचं कोहळं

वरूडहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर धुऊनपुसून लख्ख केलेलं कोहळं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी ते आवळून धरायची. चर्चमध्ये कापणीचा सण होता, तिथं वाहायला निघाली होती. विहीर आटून संत्र्याची बाग वाळली. हा वेल तेवढा मोरीच्या सांडपाण्यावर आला आणि त्याला हे एकच कोहळं धरलं, असं तीच म्हणाली.

"एकच आलं, तर घरी ठेवायचं ना, मावशी."

"कावून? बाग वाळली, पण प्रभूनं आमाले एक दिवस उपाशी नाई ठेवलं. मंग त्याच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

अमरावतीला उतरल्यावर तिनं कोहळं चुंबळीवर चढवलं आणि दोन्ही हात मोकळे सोडून, मान ताठ ठेवून, गर्दीतून झपाझप निघाली.